वर्गातले अभिरूप न्यायालय: 'घेतले' आणि 'चोरले' यांतला फरक मुलांपुढे कसा मांडावा?

खडूफळा

मी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवते. न्यायालयात काय चालते आणि एखाद्या कृत्याला गुन्हा केव्हा म्हणतात, हे पुस्तकातून वाचून दाखवण्यापेक्षा मुलांनी स्वतः करून पाहावे, म्हणून मी वर्गात अभिरूप न्यायालय भरवले. एक न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे दोन-दोन वकील, तीन साक्षीदार, एक आरोपी, आणि उरलेला वर्ग पंच म्हणून निकाल देणार, अशी कामे वाटली. खटला मीच लिहिला होता. एका मुलाचे मनगटी घड्याळ खेळाच्या तासाला हरवते आणि शाळा सुटताना ते दुसऱ्या मुलाच्या दप्तरात सापडते. ते तेथे चुकून गेले की त्याने मुद्दाम ठेवले, यावर मुलांनी विचार करावा अशी माझी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात खटला पंधरा मिनिटांत संपला. "घड्याळ कोणाच्या दप्तरात सापडले?" असे फिर्यादी पक्षाच्या वकिलाने विचारले, साक्षीदाराने नाव सांगितले, आणि वर्गाचा निर्णय तेथेच होऊन गेला. बचाव पक्षाची मुलगी "त्याने मुद्दाम केलेले नाही" असे पुनःपुन्हा सांगत राहिली. पण मुद्दाम नाही हे कशावरून, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते आणि मी लिहिलेल्या कागदांतही नव्हते. दोघे-तिघे सोडले तर सगळ्या पंचांनी हात वर करून दोषी असा निकाल दिला.

मला अधिक लागलेली गोष्ट पुढची आहे. आरोपीची भूमिका करणाऱ्या मुलाला नंतर चार-पाच दिवस मधल्या सुट्टीत "चोर" अशी हाक मारली जात होती. मी त्याची माफी मागितली आणि वर्गाशीही बोलले, परंतु हे माझ्या लक्षात यायला चार दिवस लागले याची खंत आहे.

हा उपक्रम मला सोडायचा नाही. मनातला उद्देश मुलांना तपासता येईल अशा रीतीने खटला कसा लिहावा, हे कोणी सांगेल का? शिवाय याच्या नेमकी उलट अशी एक भीती मनात आहे. उद्देशाला एवढे महत्त्व दिले, तर "मी मुद्दाम नाही केले" एवढे म्हटले की सुटका होते, असा समज मुले करून घेणार नाहीत ना?

उलटतपास

बाई, मी वकिली करतो. तुमच्या मुलांचे फारसे चुकले असे मला वाटत नाही. वस्तू दप्तरात सापडली एवढेच त्यांच्या हाती दिले होते, आणि तेवढ्यावर त्यांनी निकाल दिला. उद्देशावर वाद घालायचा असेल, तर वकिलाला आरोपीच्या वागण्याचे तपशील लागतात, कारण मनात डोकावण्याची सोय कोणत्याही न्यायालयाकडे नाही. वस्तू उघडपणे घेतली की लपवून, घेतल्यावर कोणाला सांगितले का, विचारल्यावर काय उत्तर दिले, वस्तू नेहमीच्या जागी ठेवली की जेथे कोणी पाहणार नाही अशा जागी, मालकाशी पूर्वी देवघेव होती का, अशा गोष्टींवरून न्यायालय मनाचा अंदाज बांधते. तुमच्या खटल्यात यांपैकी एकही नव्हती, म्हणून बचावाच्या मुलीला तेच वाक्य पुन्हा म्हणावे लागले.

पहिली सूचना अशी की "चोरी केली का?" हा प्रश्न पंचांना एकदम विचारू नका. व्याख्येचे तुकडे करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये, आणि त्याआधी १८६० च्या दंड संहितेच्या कलम ३७८ मध्ये, चोरीसाठी लागणाऱ्या गोष्टी स्पष्ट आहेत: वस्तू जंगम हवी, ती दुसऱ्याच्या ताब्यात हवी, त्याची संमती नसावी, वस्तू हलवलेली असावी, आणि हलवताना मनात अप्रामाणिकपणा असावा, म्हणजे कोणाला तरी गैरलाभ किंवा गैरहानी करण्याचा उद्देश असावा. प्रत्येक गोष्टीवर वेगळे मत घ्या. पहिल्या चार गोष्टींवर वर्ग चटकन हो म्हणेल, आणि खटला खरोखर पाचव्या गोष्टीवर उभा आहे हे मुलांना आपोआप दिसेल.

याच कलमाखालची दृष्टान्तरूप उदाहरणे मुलांसाठीच लिहिली असावीत इतकी सोपी आहेत. एक जण आपल्या स्नेह्याच्या गैरहजेरीत त्याच्या ग्रंथालयात जातो आणि वाचून परत करण्याच्या विचाराने एक पुस्तक घेऊन जातो. स्नेही नाही म्हणणार नाही असे त्याला मनापासून वाटत असेल, तर ती चोरी नव्हे. दुसऱ्या उदाहरणात एक जण दुसऱ्याच्या घरी टेबलावर ठेवलेली अंगठी पाहतो. झडतीच्या भीतीने ती बरोबर नेत नाही, तर त्याच घरात मालकाला कधी सापडणार नाही अशा जागी लपवतो. अंगठी हरवल्याचे सगळे विसरले की ती काढून विकावी हा त्याचा बेत असतो. अंगठी अजून घराबाहेरही गेलेली नाही, तरी ती पहिल्यांदा हलवली त्याच क्षणी चोरी घडलेली आहे. ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात वस्तू घराबाहेर गेली आणि चोरी झाली नाही. दुसऱ्यात वस्तू घरातच राहिली आणि चोरी झाली.

हा विचार फार जुना आहे. दुसऱ्या शतकातल्या गायस या रोमन कायदेपंडिताने उसन्या घेतलेल्या घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा एका ठिकाणी जाण्यासाठी मागून घेतला आणि त्यापेक्षा दूर नेला, तर तीही चोरी, असे रोमन लोक मानत. परंतु मालक याला परवानगी देणार नाही हे ठाऊक असूनही नेला असेल तरच. मालकाची हरकत नसेल असे समजून नेला असेल, तर गुन्हा नाही, कारण दुष्ट बुद्धीवाचून चोरी होत नाही, असे गायस लिहितो. घोड्याच्या जागी सायकल ठेवा, म्हणजे तुमच्या वर्गातले प्रत्येक मूल या प्रश्नावर बोलू लागेल.

आणखी एक खटला मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बॉम्बफेकीच्या सरावाच्या मैदानावर वापरून झालेल्या बॉम्बची गंजलेली कवचे वर्षानुवर्षे पडून होती. मोरिसेट नावाच्या माणसाने ती टाकून दिलेली आहेत असे समजून भरली आणि भंगारात विकली. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. कवचे सरकारची आहेत आणि त्याने ती नेली, एवढे पुरे, असे तेथल्या न्यायाधीशांचे म्हणणे होते. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्याने कवचे भरदिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत भरून नेली होती, आणि विचारल्यावर सगळे सांगून टाकले होते. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी असेही म्हटले आहे की दोषासाठी मनाचा संबंध लागतो ही समजूत, "पण मी मुद्दाम नाही केले" असे लहान मूल म्हणते, जवळजवळ तितकीच उपजत आहे. तुमच्या बचावाच्या मुलीचे वाक्य या निकालपत्रात आहे, हे तिला जरूर सांगा. त्या वाक्यामागे उभे करायला मोरिसेटकडे भरदिवसाचा उजेड होता आणि तिच्याकडे काहीच नव्हते, हेही सांगा. तुमच्या दुसऱ्या भीतीचे उत्तर मला तरी यातच दिसते. ते वाक्य म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण ते खरे वाटेल असे वागणे खटल्याच्या कागदांत दिसले पाहिजे.

पुराव्याचा भार फिर्यादी पक्षावर आहे हे मात्र खटला सुरू होण्याआधीच फळ्यावर लिहून ठेवा. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नये यासाठी हा नियम आहे, आणि मुलांना तो समजावून सांगितला नाही तर "तू चोर नाहीस हे सिद्ध कर" असाच खटला चालतो. मोठ्यांच्या चर्चांतही तो तसाच चालतो.

बालमन

मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात बालमानसशास्त्र शिकवते. वरच्या उत्तरात कायद्याची बाजू आली आहे. मुलांच्या बाजूने थोडी भर घालते.

झाँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नैतिक निर्णयांवरचे काम प्रसिद्ध केले. ते मुलांना गोष्टींच्या जोड्या सांगत. एका गोष्टीत जेवायला बोलावलेला मुलगा दार उघडतो; दारामागे खुर्चीवर पंधरा पेल्यांचे तबक आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि सगळे पेले फुटतात. दुसऱ्या गोष्टीत आई बाहेर गेलेली असताना कपाटातला मुरांबा काढायला चढलेल्या मुलाच्या हातून एक पेला फुटतो. अधिक वाईट कोण, असे विचारल्यावर लहान मुले पंधरा पेले फोडणाऱ्याकडे बोट दाखवत आणि थोडी मोठी मुले दुसऱ्याकडे. नुकसानाच्या आकाराकडून मनाकडे असा हा प्रवास पियाजे यांनी मांडला. नंतरच्या संशोधकांनी त्यात मोठी दुरुस्ती केली: मनातले कारण स्पष्ट शब्दांत किंवा चित्रांतून दाखवले, तर तीन-चार वर्षांची मुलेही ते विचारात घेतात. उद्देश कळण्याची शक्ती लहान मुलांतही असते. पण डोळ्यांना दिसणारे नुकसान पुढे आले की उद्देश मागे पडतो.

तुमच्या वर्गात तेच घडले असावे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मुद्दाम आणि चुकून यांतला फरक उत्तम समजतो, पण "दप्तरात सापडले" हे चित्र इतके ठसठशीत होते की त्यापुढे दुसरे काही टिकले नाही. म्हणून साक्षीदारांचा क्रम बदलून पाहा. वस्तू कोठे सापडली हे सांगणारा साक्षीदार शेवटी बोलवा, आणि त्या दोघांची मैत्री कशी होती, पूर्वी वस्तूंची देवघेव कशी चालत असे, हे सांगणारा आधी. पुढच्या वर्गात क्रम उलटा ठेवा आणि दोन्ही निकाल मुलांसमोर मांडा. तीच साक्ष, तेच शब्द, आणि तरी निकाल बदलला, तर त्यावरची चर्चा मूळ खटल्याहून मोलाची ठरेल.

दुसरा मुद्दा शब्दांचा आहे. बोलताना आपण "हेतू" हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. काय करायचे हे मनाशी ठरवणे, त्याला कायद्याच्या मराठीत उद्देश म्हणतात. आणि ते कशासाठी करायचे, हे त्यामागचे कारण, म्हणजे हेतू. पियाजे यांच्याच गोष्टींत एक मुलगा भुकेल्या, गरीब मित्राला देण्यासाठी पाव चोरतो आणि एक मुलगी स्वतःला आवडली म्हणून फीत चोरते. दोघांचा उद्देश एकच आहे, दुसऱ्याची वस्तू घ्यायची. हेतू मात्र वेगळे. तुमच्या वर्गात कोणीतरी नक्की म्हणेल, "त्याने चांगल्या कामासाठी घेतले, मग ती चोरी कशी?" त्या वेळी हे दोन शब्द फळ्यावर वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजेत. न्यायालय दोष ठरवताना उद्देश पाहते, हेतूचा विचार बहुतेक शिक्षा ठरवताना होतो, एवढे या वयाला पुरेसे आहे. पहिल्याच खटल्यात दोन्ही आणू नका. एका तासात दोन गाठी सुटत नाहीत.

दोन मुलांची आई

वरची उत्तरे वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. मी शिक्षिका नाही आणि वकीलही नाही, पण या विषयावर मला बोलावेसे वाटते, कारण माझ्या मुलाने आरोपीच्या खुर्चीत बसण्याचा अनुभव घेतलेला आहे, आणि त्याच्यासाठी तो खेळ नव्हता.

तो पहिलीत असताना त्याच्या खिशात वर्गातले चुंबक सापडले. शिक्षकांच्या मनात वाईट नसावे. मुलांना धडा मिळावा म्हणून त्यांनी वर्गातच "न्यायालय" भरवले आणि माझ्या मुलाला पुढे उभे केले. "तू चोरी केलीस का?" असे विचारल्यावर तो हो म्हणाला. घरी आल्यावर मी त्याला जवळ घेऊन विचारले, तेव्हा कळले की "चुंबक तुझ्या खिशात होते का?" असाच त्या प्रश्नाचा अर्थ त्याने घेतला होता. चुंबक खिडकीच्या गजांना चिकटते का, हे त्याला घरी पाहायचे होते. दुसऱ्या दिवशी ते परत न्यायचे हेही त्याने ठरवले होते, की मी विचारल्यावर ठरवले, ते मला आजही सांगता येणार नाही, आणि त्यालाही सांगता आले नसते. त्याने उच्चारलेला "हो" मात्र पुढे वर्षभर त्याच्यामागे लागला.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की वर्गात खरोखर घडलेल्या प्रसंगावर असा खटला कधीही भरवू नये, आणि त्याच्याशी मिळताजुळता प्रसंगही घेऊ नये. वर्गात असे एखादे मूल बसलेले असते ज्याने कधीतरी काही घेतलेले आहे आणि ते कोणालाच ठाऊक नाही. आपण काल्पनिक आरोपीबद्दल जे बोलतो ते सगळे ते मूल स्वतःबद्दल ऐकत असते. खटला लिहिताना त्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवा, एवढेच माझे सांगणे आहे.

सातवा तास

आमच्याकडे हा उपक्रम काही वर्षे चालू आहे, म्हणून दोन व्यवहार्य गोष्टी सांगतो. आरोपीची खुर्ची आम्ही रिकामी ठेवतो. आरोपीचा जबाब लिहिलेला असतो, आणि उलटतपासणीच्या वेळी बचाव पक्षातले प्रत्येक मूल आळीपाळीने एकेका प्रश्नाला त्या जबाबाच्या आधारे उत्तर देते. कोणा एकाच्या चेहऱ्याला आरोप चिकटत नाही. दुसरे असे की आरोपीच्या मनात खरोखर काय होते, ते मी खटला लिहिताना एका कागदावर लिहितो, पाकिटात घालून ते बंद करतो आणि न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवतो. खटला संपल्यावरही ते उघडत नाही. मुले दर वर्षी उघडण्याचा हट्ट धरतात, पण उघडले की आपला निकाल बरोबर आला की चूक एवढेच त्यांच्या मनात उरते, आणि आधीचा सगळा विचार उत्तर जुळवण्याचा खेळ होऊन बसतो. खऱ्या न्यायाधीशालाही असे पाकीट कधी मिळत नाही, असे मी त्यांना सांगतो.

उलटतपास

चुंबकाची हकीकत वाचली. त्या आईंसाठी एक गोष्ट नोंदवतो. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य आपल्या कायद्यात गुन्हाच ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी परिपक्वता होती का हे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये गुन्हेगारी जबाबदारी दहाव्या वर्षी सुरू होते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ साली ही मर्यादा किमान चौदा असावी असे सर्व देशांना सुचवले आहे. त्याहून महत्त्वाचे असे की भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलांच्या बाबतीत आरोप चिकटवणारे शब्द वापरूच नयेत हे तत्त्व म्हणून स्वीकारले आहे, आणि म्हणून तेथे "विधिसंघर्षग्रस्त बालक" असा शब्द आहे. त्या वर्गातल्या "न्यायालयात" जे झाले ते खऱ्या न्यायव्यवस्थेनेही केले नसते. रिकाम्या खुर्चीची कल्पना मला याच कारणाने फार योग्य वाटते.

खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. मी नवा खटला लिहिला आणि या आठवड्यात दोन दिवस, रोज दोन तास चालवला. काय घडले ते सविस्तर लिहिते.

गोष्ट अशी होती. एका मुलीकडे दुर्बीण आहे आणि ती शाळेतल्या कपाटात तिच्या खणात असते. तिच्या मैत्रिणीने ती पूर्वी दोनदा मागून नेली आहे आणि दोन्ही वेळा परत केली आहे. तिसऱ्या वेळी मालकीण आजारी असल्यामुळे आलेली नसते. मैत्रीण खण उघडते आणि दुर्बीण दप्तरात घालून नेते. दुसऱ्या दिवशी दुर्बीण हरवल्याचे वर्गात जाहीर होते, तेव्हा ती काहीच बोलत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, कोणी येण्यापूर्वी, दुर्बीण पुन्हा खणात असते. तिला ठेवताना शिपाई पाहतो.

पंचांचे मी तीन गट केले. एका गटाला गायसचा घोडा दिला, दुसऱ्याला १९६८ चा इंग्लंडचा चोरीचा कायदा, ज्यात मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा उद्देश लागतो, आणि तिसऱ्याला भारतीय व्याख्या, जिच्यात कायमचे हा शब्द नाही. खुर्ची रिकामी होती. मागच्या वेळी आरोपी झालेल्या मुलाला मी कोणते काम हवे असे विचारले, तर त्याने लेखनिकाचे काम मागितले.

वादाचा सगळा भार दुसऱ्या दिवसाच्या त्या न बोलण्यावर येऊन पडला. फिर्यादी पक्ष म्हणाला, मालकीण नाही म्हणणार नाही असे तिला खरोखर वाटत होते, तर "माझ्याकडे आहे" एवढे सांगायला काय हरकत होती? बचाव पक्ष म्हणाला, सगळ्या वर्गासमोर "हरवली" असे म्हटल्यावर कोणालाही भीती वाटेल. भीती दुसऱ्या दिवशी आली, दुर्बीण पहिल्या दिवशी घेतली. हे वाक्य ज्या मुलीने म्हटले ती मागच्या खटल्यात तेच ते वाक्य म्हणत राहिलेली मुलगी. मी तिला काहीही शिकवून ठेवले नव्हते.

मग लेखनिकाच्या नोंदीवर वाद झाला. त्याने "आरोपी गप्प राहिली" असे लिहिले होते. बचाव पक्षाने हरकत घेतली की "गप्प राहिली" म्हणजे तिने गप्प राहायचे ठरवले असा अर्थ होतो. साक्षीदाराने तर "ती काही बोलली नाही" एवढेच सांगितले आहे. न्यायाधीश मुलीने दोन मिनिटे विचार केला आणि नोंद बदलायला सांगितली. लेखनिकाने ती शांतपणे खोडून पुन्हा लिहिली. इतकी वर्षे शिकवते आहे, पण एका क्रियापदात उद्देश कसा शिरतो हे मीही त्या दिवशी नव्याने पाहिले.

इंग्लंडच्या गटाने एकमताने निर्दोष म्हटले. गायसच्या गटाने दोन मतांच्या फरकाने दोषी ठरवले. भारतीय व्याख्येच्या गटात शेवटपर्यंत एकमत झाले नाही, आणि पाच मुद्द्यांपैकी अप्रामाणिकपणाच्या मुद्द्यावर संशय उरतो म्हणून त्यांनी संशयाचा फायदा दिला. मधल्या सुट्टीतही वाद चालू होता. या वेळी कोणाला कोणत्याही नावाने हाक मारल्याचे माझ्या कानावर आले नाही, आणि या वेळी मी लक्ष ठेवून होते. पाकीट उघडलेले नाही. ते अजून माझ्या खणात आहे आणि रोज कोणीतरी त्याबद्दल विचारते.

एक प्रश्न मात्र मुलांनी माझ्यापुढे ठेवला आहे आणि त्याचे उत्तर मी राखून ठेवले आहे. "निर्दोष ठरली तर तिने माफी मागायची की नाही? आणि दुर्बिणीच्या काचेवर चरा पडला असता तर?"

उलटतपास

बाई, तुमचा वर्ग आता ज्या ठिकाणी पोचला आहे तेथे बरेच नवे वकील अडखळतात. दोन गोष्टी जोडतो.

पहिली, त्या न बोलण्याबद्दल. बचाव पक्षाच्या मुलीचे म्हणणे भारतीय व्याख्येला धरून आहे: चोरीसाठी अप्रामाणिकपणा वस्तू हलवताना मनात असावा लागतो, आणि नंतरचे वागणे हे त्या वेळच्या मनाचा केवळ पुरावा. पण नंतर पालटलेले मनही कायद्याने मोकळे सोडलेले नाही. सुरुवातीला प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू पुढे अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगाला लावली, तर तो मालमत्तेच्या अपहाराचा वेगळा गुन्हा होतो. मगाचचा पुस्तकवाला ते पुस्तक पुढे विकून टाकतो तेव्हा तो यात सापडतो. वर्गाची तयारी असेल तर याच गोष्टीचा दुसरा भाग लिहा, ज्यात दुर्बीण तिसऱ्या दिवशी परत येत नाही. पहिल्या दिवशीचे मन आणि पाचव्या दिवशीचे मन असे दोन स्वतंत्र प्रश्न मग पंचांना विचारता येतील. आपल्या कायद्यात थोड्या वेळापुरते नेणेही चोरी ठरू शकते हेही त्यांना सांगा. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलाच्या एका प्रशिक्षणार्थीच्या खटल्यात, त्याने परवानगीवाचून उडवून नेलेल्या विमानाबाबत, तसा निकाल दिला आहे. तुमच्या तिसऱ्या गटाला यावर बोलायला आवडेल.

दुसरी गोष्ट माफीची आणि चऱ्याची. हे प्रश्न फौजदारी खटल्याचे नाहीतच, आणि मुलांनी ते निकालानंतर विचारले हे मला फार बरे वाटले. वस्तू परत करण्यासाठी कोणाचा उद्देश सिद्ध करावा लागत नाही. दुर्बीण जिची आहे तिची ती आहे, मग नेणारी दोषी असो वा निर्दोष. तुम्ही सुरुवातीला विचारले होते की "मुद्दाम नाही केले" म्हटले की सुटका होते असे मुलांना वाटेल का. शिक्षेपासून सुटका होते हे त्यांनी पाहिले. मालकिणीला दोन दिवस दुर्बिणीची काळजी लागून राहिली, त्याचे काय करायचे, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. त्यासाठी वेगळा तास ठेवा, बाके गोल मांडा, आणि त्या दिवशी न्यायाधीश, वकील, पंच यांपैकी कोणाचीही नेमणूक करू नका. मालकिणीची खुर्चीही मात्र त्या दिवशी असू द्या. दोन दिवसांच्या खटल्यात तिला काय वाटले, हे तिला कोणी विचारल्याचे तुमच्या वृत्तान्तात दिसत नाही.